थ्री फेज आणि प्रश्न क्रमांक सदुसष्ट

प्रश्न क्रमांक सदुसष्टसमोर लाल फुली होती. दीक्षाने मोबाइल आधी लांब धरला, मग जवळ आणला, कारण बेचाळिसाव्या वर्षी माणसाने फुली दोन्हीकडून बघावी, कुठून तरी ती बरोबरच्या खुणेसारखी दिसायची शक्यता असते. दिसली नाही. 'मराठवाड्यातील पहिला महिला पॉप रॉक बँड थ्री फेज याची स्थापना खालीलपैकी कोठे झाली? एक, आखाडा बाळापूर. दोन, कुरुंदा. तीन, शिरड शहापूर. चार, यापैकी नाही.' दीक्षाने दोन निवडलं होतं. परीक्षेच्या दिवशी हा प्रश्न स्क्रीनवर आला तेव्हा ती खुर्चीतल्या खुर्चीत एवढ्या मोठ्याने हसली होती की पर्यवेक्षिकेने येऊन तिचं ओळखपत्र दुसऱ्यांदा तपासलं. शंभर प्रश्नांमध्ये नव्व्याण्णव प्रश्न असे होते की ज्यांची उत्तरं तिला पाठ होती पण खरी आहेत का ते माहीत नव्हतं. कुठल्या नदीची लांबी किती, कुठला आयोग कधी नेमला, वगैरे. नदी काही तिच्यासमोर कुणी मोजली नव्हती. हा एकच प्रश्न असा होता की ज्याचं उत्तर तिने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. थ्री फेजची स्थापना कुरुंद्यात झाली. पक्कं माहीत होतं. पक्कं म्हणजे किती, तर थ्री फेजमध्ये ड्रम तीच वाजवायची.

उत्तरतालिका म्हणत होती, तीन. शिरड शहापूर. एका महामंडळाची कनिष्ठ लिपिकाची भरती होती, नऊ वर्षांनी निघालेली. पुढच्या महिन्यात दीक्षाला त्रेचाळीस पुरी होत होती आणि त्रेचाळीस पुरी झालेल्या माणसाला फायलीला टाचणी टोचता येत नाही असं शासनाचं मत असल्यामुळे ही शेवटची परीक्षा होती. तिला एकशे अठ्ठावन्न गुण पडत होते. अभ्यासिकेतल्या सगळ्या पोरापोरींनी एकमेकांचे गुण विचारून विचारून कटऑफ काढला होता, एकशे साठ. म्हणजे दोन गुण. म्हणजे एक प्रश्न. म्हणजे सदुसष्ट. आयुष्यात कुणाकुणाचं कशाकशावाचून अडतं. कुणाचं लग्नावाचून, कुणाचं पावसावाचून. दीक्षाचं अडलं होतं ते जगातल्या सगळ्यात भिकार बँडवाचून, ज्यात ती स्वतः होती आणि ज्याचं नाव तिने अठरा वर्षांत कुठेही, या जागेत तर एकदाही, तोंडातून काढलं नव्हतं.

ही जागा म्हणजे हिंगोलीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल. प्लायवूडच्या ऐंशी खोकड्या, प्रत्येक खोकडीत एक माणूस, प्रत्येक माणसासमोर एका अधिकाऱ्याचा फोटो, आणि सगळीकडे मोज्यांचा वास. दीक्षाची खोकडी चौदा नंबरची. ती तिला फुकट होती, त्या बदल्यात सकाळी ती मुलींच्या बॅचला सामान्य ज्ञान शिकवायची. मुली तोंडावर दीक्षाताई म्हणत आणि पाठीमागे आज्जी. तिला याचं काही वाटत नसे. ज्या मुलींना राज्यपालांची नावं क्रमाने येतात आणि आरशात स्वतःचा चेहरा ओळखता येत नाही, त्यांनी आपल्याला काहीही म्हणावं, असं तिचं मत होतं. अभ्यासिकेचा मालक बंटी सर तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. बंटी सर अकरा परीक्षा नापास झाला होता, त्यामुळे पास कसं व्हायचं हे त्याला नेमकं ठाऊक होतं. त्याने एक ठोकळा लिहिला होता, साडेनऊशे पानांचा, नाव 'दणका', आणि प्रश्न सदुसष्ट त्या दणक्याच्या पान चारशे बारावरून जसाच्या तसा उचललेला होता. याचा बंटीला इतका अभिमान होता की त्याने सकाळीच अभ्यासिकेत पेढे वाटले होते. दीक्षानेही एक खाल्ला होता.

"सर, ते उत्तर चुकलंय," ती त्याच्या टेबलापाशी जाऊन म्हणाली.

"कोन्तं?"

"सदुसष्ट. कुरुंदा आहे."

बंटीने तिच्याकडे असं बघितलं जसं डॉक्टर म्हाताऱ्या पेशंटकडे बघतो. "ताई, तुमी टेन्शन काहून घेऊन राहिल्या? मी सोता पेपरचं कात्रन पाहून लिवेल हाय. दोन हजार सातचं. ऑथेंटिक सोर्स. तुमचा सोर्स काय?"

सोर्स. दीक्षा म्हणाली, "मी ड्रम वाजवायचे."

बंटी हसला नाही. तो इतका वेळ हसला नाही की त्यापेक्षा हसला असता तर बरं. त्याने तिच्या हातांकडे बघितलं, मग साडीकडे, मग चौदा नंबरच्या खोकडीकडे, जणू तिथे कुणी ढोल लपवून ठेवला आहे. "तुमी?" तो म्हणाला. "ड्रम?" आणि मग एकदम कामाचं बोलायला लागला, कारण बंटी मूर्ख होता पण ढ नव्हता. "हरकत नोंदवायला तीन दिवस हायत. पुरावा जोडावा लागतो. आन् ताई, एक ध्यानात घ्या, तुमचा पुरावा तुमी सोता व्हऊ शकत न्हाई. उमेदवारच साक्षीदार, आसं चालत न्हाई. तुमी बँडमदी व्हत्या म्हनलं की वरचे म्हननार, हितसंबंध."

हितसंबंध. चौदा नंबरमध्ये परत येऊन तिने डोकं प्लायवूडला टेकवलं. प्लायवूडपलीकडे कुणीतरी पंचायत राज पाठ करत होतं, गुणगुणत, एकाच सुरात, आणि त्या सुरावर तिची दोन बोटं आपोआप टेबलावर पडत होती, एक-दोन, एक-दोन-तीन. ती बोटं तिने मांडीखाली दाबून ठेवली. तिला या बँडचा मनापासून तिटकारा होता आणि तो तिटकारा तिने मेहनतीने, वर्षानुवर्षं, लोणच्यासारखा मुरवला होता. बँड म्हणे! तिघी जणी. वसमतच्या कॉलेजात एम.ए.ला एका बाकावर बसणाऱ्या. गायला आणि गिटारला यास्मीन, जिला तीन कॉर्ड येत आणि चौथी येते असं वाटे. कॅसिओवर पल्लवी, आखाडा बाळापूरची, जिचा चुलतभाऊ पुण्याला इंजिनिअरिंगमध्ये नापास होऊन येताना पदवीऐवजी एक गिटार आणि एक कॅसिओ घेऊन आला होता. आणि ड्रमवर दीक्षा, जी कॉलेजसाठी कुरुंद्याला कोंडीबामामाकडे राहायची, आणि जयंतीच्या मिरवणुकीत ढोलपथकामागे चालून चालून जिच्या हातांना चैन पडेनाशी झाली होती. ड्रम म्हणजे डीजे आल्यावर बसलेल्या एका बँडपार्टीचं अडगळीतलं सामान. एकाचं कातडं फाटलेलं, झांजेला तडा. नाव पल्लवीने सुचवलं. त्या वर्षी गावात दिवसाचे चौदा तास भारनियमन होतं आणि थ्री फेज आली की अख्खं गाव हातातलं काम टाकून दुसरं काम करायला धावायचं, मोटारी चालू, गिरण्या चालू. दुसऱ्या कुठल्या देशात पोरी बँडला फुलांची नाहीतर जनावरांची नावं देत असतील. यांनी महावितरणच्या वेळापत्रकातून नाव काढलं.

आणि सराव! या सरावाची आठवण आली की दीक्षाचे कान आजही गरम होत. कोंडीबामामा एका व्यापाऱ्याच्या शेडमध्ये हळद पॉलिश करायचा ड्रम चालवायचा. लोखंडी जाळीचं ते अवाढव्य पिंप, त्यात वाळलेली हळकुंडं टाकायची, थ्री फेज आली की पिंप फिरायला लागायचं आणि तीन खेड्यांत ऐकू जाईल असा खडखडाट सुरू व्हायचा. हळकुंडं एकमेकांना घासून घासून चकाकायची. यास्मीनची अक्कल अशी की या खडखडाटात वाजवलं तर बाहेर कुणाला कळणार नाही. बरोबरच होतं. कुणालाही कळलं नाही. त्यांनाही नाही. मार्च ते जून, चार महिने, तिघी जणी त्या पिंपाशेजारी उभ्या राहून जीव तोडून वाजवत होत्या आणि तिघींपैकी एकीलाही काहीही ऐकू येत नव्हतं. दीक्षा यास्मीनच्या कोपराकडे बघून ताल धरायची. पल्लवी दीक्षाच्या मानेकडे बघून. यास्मीन कुणाकडेच बघायची नाही, ती डोळे मिटून गायची, तोंड उघडं, आणि त्या उघड्या तोंडात पिवळी धूळ जायची. घाम पिवळा, थुंकी पिवळी, काठ्या पिवळ्या, रात्री उशीवर पिवळा डाग. आवाज कानात नव्हे, दाढांत यायचा. एकच श्रोता होता, कोंडीबामामा, पोत्यावर बसलेला, हाताचा टेकू हनुवटीला. गाणं संपल्याचं त्याला यास्मीनचं तोंड मिटल्यावर कळायचं, मग तो दोन्ही हात वर करून ओरडायचा, "लय भारी! आजून वाजवा पोरींनो!" वीस वर्षं पिंप चालवून मामा ठार बहिरा झालेला होता.

मग ऑगस्टमध्ये हिंगोलीला एका मोटारसायकलच्या शोरूमचं उद्घाटन झालं. पल्लवीच्या चुलतभावाची ओळख, त्यामुळे नारळ फुटल्यावर आणि आमदार येईपर्यंत मधल्या रिकाम्या वेळात थ्री फेजचा कार्यक्रम. पहिलं गाणं यास्मीनने लिहिलेलं, 'मिस्ड कॉल दे रे, बॅलन्स न्हाई'. काय हे काव्य. दीक्षाने काठ्या एकमेकींवर आपटून एक-दोन-तीन-चार केलं, तिघींनी सुरुवात केली, आणि त्या क्षणी, जन्मात पहिल्यांदा, त्यांना स्वतःचा बँड ऐकू आला. चार महिने तिघी तीन वेगवेगळी गाणी वाजवत होत्या. म्हणजे गाणं तेच, पण पल्लवी ते दुप्पट वेगात वाजवत होती आणि यास्मीन भलत्याच पट्टीत गात होती. एखाद्या घरात तिघे जण वर्षभर सुखाने राहावेत आणि मग कळावं की एक आंधळा, एक बहिरा आणि एक शेजारचा आहे, तसं झालं. त्या थांबल्या नाहीत. थांबायचं कसं ते त्यांनी बसवलंच नव्हतं. लोक स्तब्ध उभे होते. एका म्हाताऱ्याने पागोटं काढून हातात घेतलं, आदराने की काय, आजवर कळलेलं नाही. तिसऱ्या गाण्याला लाईट गेली आणि टाळ्या पडल्या.

त्या गर्दीत एका साप्ताहिकाचा वार्ताहर होता. त्याने वही काढून विचारलं, तुमी सराव कुठं करता? आता यास्मीन कुरुंद्याचीच. तिने घरी सांगितलं होतं की मी शिरड शहापूरला शिवणक्लासला जाते. त्यासाठी ती रोज गावातून काळीपिवळी जीपमध्ये बसायची, पहिल्या वळणावर उतरायची आणि गावाला वळसा घालून त्याच गावाच्या दुसऱ्या टोकाला शेडमध्ये यायची. तिचे अब्बा अय्याजभाई पेपर वाचणारे. कुरुंदा छापून आलं तर मामाची शेड, मामाचं काम, सगळं उघडं पडलं असतं. यास्मीनने डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, "शिरड शहापूर." पुढच्या गुरुवारी छापून आलं, 'शिरड शहापूरच्या मुलींचा धडाका, मराठवाड्यातील पहिला महिला पॉप रॉक बँड'. पहिला हे त्या वार्ताहराने उभ्या उभ्या ठरवलं. खाली नावं, 'यास्मीन व तिच्या सख्या'. फोटोत यास्मीन, अर्धी पल्लवी, आणि मागे शाईचा एक काळा गोळा. तो गोळा म्हणजे दीक्षा. झाला इतिहास. पुढे एक गणपती, एक बारसं, ज्यातलं लेकरू दचकून दोन दिवस दूध प्यायचं बंद झालं, आणि मग परीक्षा, लग्नं, बदल्या, संपलं. एका खोट्या गावावर उभा असलेला, कुणालाच ऐकू न आलेला बँड. साप्ताहिकही बंद पडलं. ते कात्रण कुठल्या तरी पेटीतून बंटीच्या हाताला लागलं, बंटीने दणक्यात टाकलं, दणक्यातून महामंडळाने उचललं, आणि आता शासन छातीठोकपणे सांगत होतं की यास्मीन शिवणक्लासला गेली होती.

तिने पल्लवीला फोन लावला. पल्लवी आता तिकडे ठाण्याला, नवऱ्याचा कसला तरी कारखाना. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण दीक्षा, स्थापना तर आखाडा बाळापूरला झाली ना गं."

"बाळापूरला काय झालं?"

"असं कसं? कॅसिओ आमच्या घरी आला तेव्हाच मी म्हटलं होतं ना, बँड काढू. विचार कुठे सुचला त्याला स्थापना म्हणतात. मी आमच्या किटी पार्टीत पण तसंच सांगते." मग ती म्हणाली, "पर्याय एक आहे ना? मग एकची हरकत घे, मी लगेच सही करते."

दीक्षाने फोन ठेवला. किटी! ज्या बाईने चार महिने दुप्पट वेगात वाजवलं ती बाई ठाण्यात बसून इतिहास सांगत होती. म्हणजे उरली यास्मीन. आणि यास्मीनकडे जायचं म्हणजे तिला सांगायचं की बाई, तुझं अठरा वर्षांचं खोटं आता स्टँपपेपरवर मोडून दे. दीक्षाने हे सगळं मनात नीट मांडून पाहिलं. यास्मीन वसमतला होती, लेडीज टेलर, नवऱ्याचं नाव नासेर, सासू जिवंत. तिचं लग्नच मुळी शिवणकामावर झालेलं. क्लासला जाते म्हणून घरचे शिवलेलं दाखव म्हणायचे, तर ही वसमतच्या बाजारातून तयार ब्लाउज आणून दाखवायची. कीर्ती पसरली. पोरगी काय शिवते, माशाअल्ला. त्या कीर्तीवर स्थळ आलं. आता त्या नवऱ्यासमोर जाऊन म्हणायचं की ती क्लासला कधी गेलीच नव्हती. दोन गुणांसाठी दुसरीचा संसार उसवायचा. दीक्षाला स्वतःची किळस आली, पण फार नाही, आणि ती किती आली हे ती मोजत बसली तोवर गाडीची वेळ झाली.

प्रतिज्ञापत्राचा मजकूर ती निघण्याआधी बंटीनेच सांगितला होता, टेबलावर पाय घेऊन. "लिवा, मी खाली सही करनार यास्मीन, थ्री फेज बँडची संस्थापक. स्थापना कुरुंद्यात झाली. सदस्य आमी दोघी, मी आन् पल्लवी."

"दोघी?"

"तुमचं नाव आलं का खेळ खल्लास, ताई. वरचे म्हनतील मैत्रिनीनं मैत्रिनीला लिवून देलं. तुमी व्हत्याच न्हाई, आसं धरून चाला. काय फरक पडतो? फोटोत बी तुमी न्हाईच."

काही फरक पडत नव्हता. तिनेच अठरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःच्या सुंदर अक्षरात, स्पर्धापरीक्षेने घासून घासून चकचकीत केलेल्या अक्षरात, तिने लिहिलं, 'सदर बँडमध्ये आम्ही दोघीच सदस्य होतो.' मग बंटीला शंका आली. बातमीत ढोल-ताशाच्या गजरात असा शब्द होता. मग ढोल कोण वाजवत होतं? तपासणाऱ्याने विचारलं तर? बंटीने डोकं खाजवलं, दीक्षाने सरावाची जी हकिकत त्याला सांगितली होती ती आठवली, आणि त्याचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा ती कधी विसरणार नव्हती. दीक्षाने लिहून घेतलं, 'तालवाद्य म्हणून हळद पॉलिश करण्याच्या यंत्राचा वापर करण्यात येत असे.'

वसमतला यास्मीनच्या दुकानात दोन मशिनी चालू होत्या. यास्मीन जाड झाली होती, चष्मा लागला होता, गळ्यात मोजपट्टी. नासेर दारात खुर्ची टाकून बटणं निवडत बसलेला. दीक्षाला पाहून यास्मीन ओरडली, "या अल्ला, ही मेली जिती हाय अजून!" आणि तिला गच्च धरलं. चहा आला. दीक्षा नासेरकडे बघत, आवाज खाली करून, आडवळणाने बोलायला लागली. यास्मीन, ते आपलं, शिरड शहापूरचं, तुला अडचण होत असेल तर...

"काय फुसफुसून राहिली?" यास्मीन म्हणाली. "नासेर, ये क्लासवाली बात कर रही है."

नासेरने बटणांतून मान वर काढली. "दीदी, शादीनंतर हिनं पैला ब्लाउज शिवला आमच्या अम्मीचा. एक बाही पुढं, एक बाही मागं. मला तवाच समजलं, ही जिंदगीत कोन्त्याच क्लासला गेली न्हाई." तो परत बटणांत गेला. "मग मीच शिकवलं. चार साल लागले. सास-ससुरको सबको मालूम है. अब्बाजानला बी मालूम व्हतं म्हनं, काळीपिवळीवालाच त्यांचा दोस्त."

म्हणजे कुणाचाही संसार उसवणार नव्हता. दीक्षाने रस्ताभर उचलून आणलेलं पाप इथे कुणी घेईना. तिला हायसं वाटायला हवं होतं. तिने कागद काढून दिला. यास्मीनने चष्मा वर केला आणि वाचायला लागली, ओठ हलवत, एकेक शब्द, जसं ती गाण्याचे शब्द पाठ करायची. मग थांबली. परत वरून वाचलं.

"आन् तू कुठं हायेस ह्याच्यात?"

"माझं नाव चालत नाही. नियम आहे."

"नियम आसंल. पन तू कुठं हायेस?" तिने बोट ठेवलं. "हे यंत्र काय हाय? हळदीच्या डरमनं वाजवलं व्हय? आगं तो डरम तर आपल्याला मारायला उठला व्हता." तिला हसू आलं, मग ते हसू अर्ध्यात थांबलं. "मी झूट बोलले तवा अब्बाच्या धाकानं बोलले. मामाची भाकर जाईल म्हनून बोलले. तू कोनाच्या धाकानं बोलून राहिली?"

दीक्षा म्हणाली, "तो बँड काय धड होता का, यास्मीन? भिकार होता. त्यात मी असले काय, नसले काय."

"भिकार तर व्हताच," यास्मीन म्हणाली. "पन आपला व्हता की."

मशिनींचा आवाज चालू होता. आणि नेमकं तेव्हा, नको असताना, तिला शेडमधला तो दिवस आठवला. मे महिना असावा. गाण्याच्या ऐन मध्ये थ्री फेज गेली. गिटार मेली, कॅसिओ मेला, यास्मीनचा माइक मेला. पिंप मात्र लगेच थांबत नसे, एवढं वजन, ते आपल्या तंद्रीत फिरत राही, हळू, आणखी हळू, हळकुंडं एकेक करून खाली पडत, आणि आवाज विझत जाई. दीक्षाला लाईट गेल्याचं कळलंच नव्हतं. ती यास्मीनच्या कोपराकडे बघायचं विसरून वाजवत होती. पिंप विझत गेलं आणि त्याच्या तळातून तिचा स्वतःचा ताल वर आला, आधी लांबून, मग जवळून, मग शेडभर. तिने तो ऐकला. वीसेक सेकंद असतील. त्यात काहीही चुकत नव्हतं. फाटक्या कातड्याचा, तडा गेलेल्या झांजेचा, पण बरोबर, इतका बरोबर की तिला भीती वाटली, जसं अनोळखी घरात आरशासमोर अचानक येऊन आपणच दिसावं. यास्मीन आणि पल्लवी तोंड उघडं ठेवून तिच्याकडे बघत होत्या. मग तिने हात थांबवले. कोंडीबामामाला काहीच कळलं नाही, तो पोत्यावर पेंगत होता. अठरा वर्षं तिने बँडला जेवढ्या शिव्या घातल्या त्या सगळ्या या वीस सेकंदांच्या भोवती कुंपणासारख्या घातल्या होत्या, म्हणजे तिकडे कुणी फिरकू नये, ती स्वतःसुद्धा.

"सही कर," ती म्हणाली. "माझी शेवटची परीक्षा आहे. घरी आई आहे."

यास्मीनने खडूचा हात ओढणीला पुसला आणि सही केली, मोठी, गिचमिड, कागदाबाहेर जाणारी. कागद परत देताना म्हणाली, "घे. आता तू न्हाईस."

हरकत शेवटच्या दिवशी गेली. घरी आई जनकाबाई रोज संध्याकाळी विचारायची, "लागला का गं तुजा नंबर?" आणि दीक्षा म्हणायची, "लागंल." तिसऱ्या आठवड्यात सुधारित उत्तरतालिका आली. प्रश्न सदुसष्टबाबत प्राप्त हरकती आणि परस्परविरोधी पुरावे लक्षात घेता (ठाण्याहूनही एक आला होता, आखाडा बाळापूरच्या बाजूने, पल्लवीच्या भाचीने हीच परीक्षा दिली होती) सदर प्रश्न रद्द करण्यात येत असून सर्व उमेदवारांना दोन गुण देण्यात येत आहेत. सर्व. ज्यांनी तीन लिहिलं त्यांना ते आधीच मिळालेले होते, बाकीच्यांनाही मिळाले, ज्यांनी काहीच लिहिलं नाही त्यांनाही. दीक्षाचे एकशे साठ झाले. कटऑफ एकशे बासष्टवर गेला. अभ्यासिकेत ज्या चार जणांचं नाव लागलं त्यांतल्या दोघांनी येऊन तिच्या पाया पडून सांगितलं की ताई, तुमच्या हरकतीमुळे झालं. तिने दोघांनाही आशीर्वाद दिला. पेढे परत बंटीनेच आणले. पुढच्या महिन्यात तिला त्रेचाळीस पुरी झाली. जनकाबाईने शेवया केल्या आणि नंबराचं विचारायचं बंद केलं, ते विचारण्यापेक्षा वाईट होतं.

दणक्याची नवी आवृत्ती दिवाळीनंतर आली. बंटीने आता कच्चं काम ठेवलं नव्हतं. प्रतिज्ञापत्र म्हणजे कात्रणापेक्षा वरचा सोर्स. पान चारशे बारावर त्याने चौकट टाकली होती आणि दीक्षाला स्वतः उघडून दाखवली होती. "ताई, हे बगा, हे जगात कुठंच न्हाई. यंत्राला ड्रमर ठेवनारा पैला बँड. शंभर टक्के पडनार परीक्षेत." त्याला ती कोण होती हे माहीत होतं. अभ्यासिकेत तोच एकटा होता ज्याला माहीत होतं, आणि चौकट दाखवताना तो ते विसरला होता, लबाडीने नव्हे, खरोखर विसरला होता. कागदावर नव्हतं ना. दीक्षाला त्याच्यावर चिडता येईना. इतका स्वच्छ तिरस्कार तिने आजवर कुणाचाच केला नव्हता, आणि तो बंटीचा नव्हता.

सकाळच्या बॅचला तीस मुली होत्या. दीक्षाने फळ्यावर लिहिलं, कारण त्या दिवशीचा धडा चारशे बारा पानाचा होता. थ्री फेज बँडमध्ये तालवाद्य कोण वाजवत असे? एक, यास्मीन. दोन, पल्लवी. तीन, हळद पॉलिश यंत्र. चार, यापैकी नाही. एकोणतीस पेनं एकदम खाली गेली आणि एकोणतीस वह्यांत तीन उमटलं. एकीचं पेन वरच राहिलं. शीतल, कळमनुरीकडची, जी सगळ्यात मागे बसायची आणि ज्या मुलीला सहसा काही येत नसे.

"ताई," ती म्हणाली, "यंत्र कसं काय वाजवील? ते तर नुस्तं फिरतं. आमच्या इथं हाय की. त्याला ताल नसतो."

बाकीच्या हसल्या. दीक्षाने डस्टर टेबलावर ठेवलं.

"आमाला वाटतं चार आसंल," शीतल म्हणाली. "कोनीतरी आसंलच ना ताई तिथं. वाजवनारी."

दीक्षा बाकांमधून तिच्यापाशी गेली. मुलीच्या हाताला, नखांच्या कडांना, पिवळं होतं.

"आसंल," ती म्हणाली. "तीन लिही."

"पन ताई—"

"तीन लिही, बाई. दोन मार्क हायत."

शीतलने तीन लिहिलं.